भूल देणारा हात कोणाचा?

बैठक आटोपून, पोरांची शाळा, भाकरी-भाजी उरकून तुम्ही रेडिओजवळ बसल्या असाल. आज थोडं इतिहासाचं बोलायचं आहे. पण सुरुवात आपल्याच गटातल्या एका गोष्टीने करू.

आमच्या एका गटातल्या ताईचं मागे गर्भपिशवीचं ऑपरेशन झालं. दवाखान्याचं नाव आम्ही घेणार नाही, ताईचंही नाही. ऑपरेशन चांगलं झालं. कमरेत सुई देऊन भूल दिली होती. घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी तिचं डोकं असं दुखायला लागलं, की उठून बसलं तरी डोळ्यापुढे अंधारी यायची, आडवं झालं की बरं वाटायचं. आम्ही तिला जवळच्या दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी विचारलं, "कमरेतली भूल दिली होती ना? कोणी दिली? कागद आहे का?" आम्ही डिस्चार्ज कार्ड पुढे केलं. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांचं नाव होतं, औषधांची यादी होती, बिलाचा आकडा होता. भूल देणाऱ्याच्या नावाची जागा मात्र कोरी होती. दवाखान्यात फोन केला तर उत्तर आलं, "बाहेरून आले होते, त्या दिवशी कोण होतं ते बघावं लागेल."

कमरेतल्या सुईनंतर कधी कधी असं डोकं दुखतं, त्यावर इलाज असतो, आणि ताईही आठवड्याभरात बरी झाली. पण आमच्या मनात एक गोष्ट राहिली. आपल्या गटाच्या खात्यातून पैसे काढायचे तर अध्यक्ष आणि सचिव दोघींच्या सह्या लागतात. अंगठा उठवणाऱ्या बाईचंही नाव पुढे लिहावं लागतं. आणि दोन तास आपला श्वास ज्याच्या हातात होता, त्याचं नाव कागदावर नाही? त्या बैठकीनंतर आम्ही या विषयाच्या मागे लागलो. वाचलं, विचारलं, आणि शोधता शोधता थेट आपल्या कल्याणात येऊन पोचलो.

आधी भुलीची गोष्ट. पावणेदोनशे वर्षांपूर्वी ऑपरेशन म्हणजे चार माणसांनी धरून ठेवायचं आणि डॉक्टरने शक्य तितक्या लवकर कापायचं, असंच होतं. १८४६ साली अमेरिकेत बॉस्टन शहरात ईथर हुंगवून एका रुग्णावर ऑपरेशन झालं आणि जगाला कळलं, की माणसाला वेदनेशिवाय कापता येतं. पुढच्याच वर्षी स्कॉटलंडमध्ये क्लोरोफॉर्म आलं. १८५३ साली इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीने बाळंतपणात क्लोरोफॉर्म घेतलं. बाईने कळा सोसल्याच पाहिजेत असं म्हणणारे तेव्हाही होते. पण राणीनेच घेतल्यावर त्यांचा आवाज थोडा खाली आला. त्याच साली १६ एप्रिलला आपल्या ठाण्याला पहिली आगगाडी आली, म्हणजे काळ लक्षात राहील.

पण याच औषधाने माणसं मेलीसुद्धा. १८४८ सालच्या जानेवारीत इंग्लंडमधली हॅना ग्रीनर नावाची पंधरा वर्षांची मुलगी पायाच्या अंगठ्याचं नख काढायला गेली आणि क्लोरोफॉर्म दिल्यावर काही मिनिटांत गेली. नखासारख्या लहान कामासाठी! तेव्हापासून एक गोष्ट स्पष्ट झाली. कापणारा हात जितका महत्त्वाचा, तितकाच भूल देणारा हात महत्त्वाचा. कापणाऱ्याचं लक्ष जखमेकडे असतं. श्वास, नाडी, ओठांचा रंग हे बघणारं माणूस वेगळं लागतं, आणि ते शिकलेलं लागतं.

आता हे माणूस कोण असावं? इथे बायकांचा इतिहास सुरू होतो.

अमेरिकेत हे काम सुरुवातीला बऱ्याच ठिकाणी नर्सबायांकडे आलं. डॉक्टर मंडळींना ते दुय्यम वाटायचं, त्यात मान नव्हता आणि पैसाही कमी होता. मिनेसोटा राज्यातल्या रॉचेस्टर गावात मेयो बंधूंच्या दवाखान्यात ॲलिस मॅगॉ नावाची नर्स होती. तिने फडक्यावर ईथरचा थेंब थेंब टाकत, रुग्णाशी हळू आवाजात बोलत, त्याला धीर देत भूल द्यायची पद्धत बसवली. बोलून धीर दिला तर औषध कमी लागतं, हे तिचं म्हणणं. १९०६ साली तिने आपल्या कामाचा हिशेब छापला: चौदा हजारांवर भुली, आणि भुलीमुळे एकही मृत्यू नाही. मैत्रिणींनो, तिने हिशेब ठेवला होता, हे लक्षात घ्या. वही नसती तर तिच्या कौशल्यावर आज कोणी विश्वास ठेवला असता का?

पुढे या कामाला मान आणि पैसा आला तेव्हा, नर्सने भूल देणं बेकायदा आहे, असं म्हणत काही डॉक्टर कोर्टात गेले. कॅलिफोर्नियात डॅग्मार नेल्सन नावाच्या नर्सवर असा दावा झाला. १९३६ साली तिथल्या वरच्या कोर्टाने सांगितलं, की सर्जनच्या देखरेखीखाली नर्सने भूल देणं म्हणजे बेकायदा डॉक्टरकी नव्हे. त्याआधी १९३१ साली अ‍ॅगाथा हॉजिन्स या नर्सच्या पुढाकाराने अशा नर्सबायांनी आपली संघटना बांधली होती. १९४५ साली त्यांनी स्वतःच परीक्षा सुरू केली. संघटना, परीक्षा, प्रमाणपत्र. नुसतं "आम्हाला येतं" म्हणून भागत नाही, ते दाखवता आलं पाहिजे, हे त्या बायांना कळलं होतं. आज अमेरिकेत भूल देणारी नर्स हा मोठा, उच्चशिक्षित पेशा आहे.

आपल्याकडे वाट वेगळी पडली. आपल्या देशात नर्सने स्वतंत्रपणे भूल देण्याचा पेशा उभा राहिला नाही. भूल देणं हे नोंदणी असलेल्या डॉक्टरचं काम मानलं जातं. पण म्हणून आपल्या बाया यात मागे होत्या असं समजू नका. जगातली पहिली स्त्री भूलतज्ज्ञ म्हणून जिचं नाव घेतात ती आपल्याच देशातली आहे. तिचं नाव रूपाबाई फर्दुनजी. ती पारशी घरातली. निजामाच्या हैदराबादेत, म्हणजे आपला मराठवाडाही तेव्हा ज्या राज्यात होता तिथे, ती वैद्यकी शिकली. तिथल्या वैद्यक शाळेचे प्रमुख एडवर्ड लॉरी यांना एकच ध्यास होता: क्लोरोफॉर्मने माणूस का मरतो ते शोधायचं. निजामाच्या पैशातून १८८८ आणि १८८९ साली तिथे दोन चौकशी समित्या बसल्या. लॉरींचं म्हणणं होतं, की श्वासाकडे लक्ष ठेवा, श्वास बिघडला नाही तर धोका नाही. पुढे संशोधनाने दाखवलं, की क्लोरोफॉर्मने हृदयही अचानक बंद पडू शकतं, तेव्हा लॉरी पूर्ण बरोबर नव्हते. पण "श्वासावरून नजर हटवू नका" हा धडा आजही खरा आहे. त्या वातावरणात रूपाबाई शिकल्या, भूल देऊ लागल्या. वीस वर्षांच्या कामानंतर, १९०९ साली, त्या एडिनबरोला गेल्या, भुलीमागचं पदार्थविज्ञान आणि रसायन शिकायला. हाताला काम येत असूनही बाई पुन्हा शिकायला गेली, हे आम्हाला फार आवडलं.

आता या आपल्या कल्याणात.

३१ मार्च १८६५ रोजी कल्याणात जोश्यांच्या घरी एक मुलगी जन्मली, यमुना. नवव्या वर्षी तिचं लग्न झालं पोस्टात नोकरी करणाऱ्या गोपाळराव जोशींशी, आणि ती आनंदी झाली. चौदाव्या वर्षी तिला मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. त्या दुःखातून तिने ठरवलं, की डॉक्टर व्हायचं. पुरुष डॉक्टरला हात लावू द्यायला नको म्हणून बाया दुखणं अंगावर काढतात, मरतात, त्यांच्यासाठी बाई डॉक्टर पाहिजे, हे तिचं साधं म्हणणं. १८८३ साली ती कलकत्त्याहून बोटीने अमेरिकेला निघाली, नवरा बरोबर नसताना. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यक महाविद्यालयातून ११ मार्च १८८६ रोजी तिला एम.डी. मिळाली. तिचा प्रबंध होता हिंदू स्त्रियांच्या बाळंतपणाच्या पद्धतींवर. म्हणजे सातासमुद्रापार जाऊनही तिने विषय घेतला तो आपल्या माजघरातलाच.

पदवी झाली. नेमणूकही झाली. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या विभागाचं काम तिच्यासाठी ठरलं. पण अमेरिकेतच क्षयाने तिला गाठलं होतं. परत आली ती आजारी. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात ती गेली. वयाची बावीस वर्षं पुरी व्हायला महिना राहिला होता. कोल्हापूरच्या त्या दवाखान्यात तिला एक दिवसही काम करता आलं नाही.

आनंदीबाईंची गोष्ट आपण रडून सोडून देतो. पण बारकाईने बघितलं तर त्यात आपल्याला हवं असलेलं उत्तर आहे. आरोग्याचं काम करणाऱ्या माणसाच्या मागे तीन गोष्टी लागतात. एक शिक्षण, दुसरी नोंद आणि तिसरी नेमणूक. काय शिकलात, सरकारी वहीत तुमचं नाव आहे का, आणि तुम्ही कुठल्या दवाखान्याला बांधलेले आहात, म्हणजे चुकलं तर तुम्हाला कुठे गाठायचं. आनंदीबाईंकडे शिक्षण होतं, नेमणूक होती; आयुष्य पुरलं नाही.

ज्यांना आयुष्य पुरलं त्या रखमाबाई. लहानपणी लावलेलं लग्न मानणार नाही म्हणून मुंबईच्या कोर्टात ठामपणे उभ्या राहिलेल्या त्याच. त्या १८८९ साली लंडनला स्त्रियांच्या वैद्यक शाळेत गेल्या, ब्रुसेल्सची एम.डी. घेऊन परतल्या. पुढे सुरतेला आणि मग राजकोटच्या स्त्रियांच्या रुग्णालयात वर्षानुवर्षं त्यांनी काम केलं. तिन्ही गोष्टी एका बाईच्या नावावर आल्या, की काय होतं ते रखमाबाईंनी दाखवलं.

आणि ज्यांच्याकडे कसब होतं पण कागद नव्हता त्या आपल्या सुईणी. आपल्यातल्या कितीतरी जणींचा जन्म त्यांच्याच हातचा. त्यांना शिकवायचे प्रयत्न इंग्रजांच्या काळात झाले. १८८५ साली लेडी डफरिन यांच्या नावाचा निधी निघाला, १९०३ साली लेडी कर्झन यांनी सुईणींच्या शिक्षणासाठी वेगळा निधी काढला. मुंबईत १८८६ साली बायकांसाठी कामा रुग्णालय उघडलं. पुण्यात १९०९ साली रमाबाई रानडे यांच्या सेवासदनाने काम सुरू केलं आणि विधवा, परित्यक्ता बायांना ससून रुग्णालयात नर्सचं शिक्षण मिळण्याची वाट करून दिली. ज्या बाईला घरात कोपरा आणि अंगावर आलवण एवढंच होतं, तिला पांढरा गणवेश आणि पगार मिळाला. तेव्हा लोकांनी नाकं मुरडली. आज त्याच सिस्टरच्या हाताला आपण देवाचा हात म्हणतो.

नोंदीचा कायदा हळूहळू आला. डॉक्टरांसाठी मुंबई इलाख्यात १९१२ साली कायदा झाला. नर्सबायांसाठी देशपातळीवर १९४७ साली भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला, आणि आपल्या राज्यात १९६६ साली महाराष्ट्र परिचारिका कायदा झाला. २०२३ साली देशाने नर्सिंग आणि सुईणकामासाठी नवा आयोगाचा कायदा केला. आणि २०२१ सालच्या एका कायद्याने ऑपरेशन थिएटरमध्ये भुलीच्या मशीनजवळ मदतीला असणारे तंत्रज्ञ, सहाय्यक यांचाही पेशा म्हणून विचार झाला. म्हणजे थिएटरमधल्या प्रत्येक हाताला नाव आणि नोंद असावी, अशी कायद्याची दिशा आहे.

मग आपल्या भागात अडतं कुठे?

ठाण्यात जिल्हा रुग्णालय आहे, कळव्याला छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे, कल्याणात रुक्मिणीबाई, डोंबिवलीत शास्त्रीनगर, उल्हासनगरला मध्यवर्ती रुग्णालय. शिवाय गल्लोगल्ली खासगी नर्सिंग होम. लहान नर्सिंग होमला पूर्ण वेळ भूलतज्ज्ञ परवडत नाही. म्हणून भुलीचे डॉक्टर सकाळी एका दवाखान्यात, दुपारी दुसऱ्या, रात्री सिझर निघालं तर तिसऱ्या, असे फिरत काम करतात. यात काही वाईट नाही. उलट त्यांच्यामुळेच आपल्या कितीतरी बाया मध्यरात्री वाचल्या आहेत. पण ते फिरते असल्यामुळेच त्यांचं नाव कागदावर पक्कं असायला हवं. शिक्षण असतं, नोंद असते. नेमणुकीची जागा मात्र रोज बदलते, आणि तिथेच आपल्या ताईसारखी कोरी जागा राहून जाते.

मुरबाड-शहापूरच्या बाजूला अडचण उलटी आहे. तिथे बाईला सिझरची गरज पडली आणि भूल देणारं कोणी नसलं, की रुग्णवाहिका कल्याण-ठाण्याकडे धावते. ही अडचण देशभराची आहे. म्हणून राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात एम.बी.बी.एस. डॉक्टरांना अठरा आठवड्यांचं खास शिक्षण देऊन बाळंतपणातल्या तातडीच्या ऑपरेशनसाठी भूल द्यायला तयार करण्याची योजना निघाली. अमेरिकेने नर्सला शिकवलं, आपण साध्या डॉक्टरला शिकवलं. वाट वेगळी असली तरी कारण एकच: भूल देणारा हात मिळाला नाही म्हणून बाई जाऊ नये.

मैत्रिणींनो, यात आपण काय करायचं? भांडायचं नाही, घाबरायचंही नाही. विचारायचं.

ऑपरेशन ठरलं, की विचारा: "भूल कोण देणार? त्यांना आधी भेटता येईल का?" भूलतज्ज्ञाच्या नावापुढे एम.डी., डी.ए. किंवा डी.एन.बी. अशी अक्षरं असतात, आणि महाराष्ट्र वैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक असतो. डॉक्टरांच्या आचारसंहितेप्रमाणे तो क्रमांक दवाखान्यात आणि कागदावर दिसला पाहिजे. नर्सिंग होमलाही स्वतःची नोंदणी लागते, त्याचा कायदा १९४९ पासून आहे, आणि २०२१ च्या नियमांप्रमाणे रुग्णांच्या हक्कांची सनद दवाखान्यात लावलेली असायला हवी. ती भिंतीवर शोधा, वाचा, वाचता येत नसेल तर गटातल्या पोरीला वाचायला लावा.

भेट झाली, की आपणही खरं सांगायचं. दमा आहे का, आधी कधी भुलीचा त्रास झाला का, कोणत्या गोळ्या चालू आहेत, दात हलतो का, तंबाखू-मिश्री लावतो का. लाजायचं नाही. उपाशी राहायला सांगितलं असेल तर सासूने प्रेमाने दिलेला चहासुद्धा घ्यायचा नाही, कारण भुलीत पोटातलं वर येऊन श्वासनळीत गेलं तर जिवावर बेततं.

सहीचं तर फार महत्त्वाचं. दिल्लीतल्या एका बाईला तपासणीसाठी भूल दिली होती. ती बेशुद्ध असताना तिच्या आईची संमती घेऊन तिची गर्भपिशवी काढून टाकली. ती बाई सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढली. २००८ साली न्यायालयाने सांगितलं, की ज्या कामाला संमती दिली तेवढंच करता येतं. जीव वाचवायची तातडी नसेल तर बाई शुद्धीवर येईपर्यंत थांबा आणि तिलाच विचारा. आईची सही चालली नाही, तर नवऱ्याची कशी चालेल? शुद्धीत असलेल्या बाईची सही तिचीच.

आणि घरी येताना कागद नीट बघा. कोणती भूल दिली, कोणी दिली, क्रमांक काय. कोरं असेल तर तिथेच शांतपणे म्हणा, "डॉक्टर, एवढं लिहून द्या." पुढे कधी कागदपत्रं मागायची झाली तर डॉक्टरांनी ती ७२ तासांच्या आत द्यायची असतात, असा नियम आहे.

आमच्या गटाने एक केलं. कर्जाच्या वहीशेजारी एक आरोग्याची वही ठेवली. ऑपरेशन झालेल्या प्रत्येकीची एक ओळ: तारीख, दवाखाना, ऑपरेशन, भूल कोणती, भूल देणाऱ्याचं नाव. वही त्या ताईकडेच दिली, जिच्या कार्डावरची जागा कोरी होती. पहिली ओळ तिने स्वतःची लिहिली. सगळे रकाने भरले आणि शेवटच्या रकान्यात एक आडवी रेघ मारली. म्हणाली, "ही रेघ राहू दे. पुढच्या कोणाच्या ओळीत ती येऊ नये, एवढं बघू."

पुढच्या बैठकीत तुम्हीही हा विषय घ्या. कल्याणातून निघालेल्या एका मुलीने बायकांच्या जिवासाठी समुद्र ओलांडला. आपल्याला दवाखान्याच्या टेबलापर्यंतच जायचं आहे, आणि एक नाव विचारायचं आहे.